व्हेनबान : रुळांच्या वाटेवर सायकल

जर्मनीतल्या आखेनपासून बेल्जियममार्गे लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत जाणारा हा सुमारे 125 किलोमीटरचा सायकलमार्ग जुन्या रेल्वेलाइनवर बांधला आहे. आखेनकडचा कोळसा लक्झेंबर्गच्या पोलाद कारखान्यांना आणि तिकडचं लोहखनिज इकडे, अशी तिची वाहतूक. भरलेल्या मालगाड्यांना खडा चढ झेपत नाही, म्हणून डोंगराळ मुलखातही चढ क्वचितच 2 टक्क्यांवर जातो. मोटारींचा त्रास जवळपास नाहीच. मुलाबाळांना घेऊन खुशाल निघावं.

व्हर्सायच्या तहानंतर ही लाइन बेल्जियमकडे गेली. त्यामुळे काही ठिकाणी दोन्ही बाजूंना जर्मनी आणि चाकाखालची अरुंद पट्टी तेवढी बेल्जियमची!

रूर नदीच्या खोऱ्यातलं मोनशाउ मार्गापासून बरंच खाली आहे. परतीचा चढ दम काढतो, तरी लाकडी चौकटींची तिथली घरं पाहायला उतराच.