दोन श्रावणांचे गाव आणि संगणकातील दिनदर्शिका

आमच्या उज्जैनमध्ये श्रावण दोनदा लागतो. आषाढी पौर्णिमा सरली की दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हिंदी घरांत ‘सावन’ सुरू होतो. आपल्या मराठी घरांत तो आषाढी अमावास्येनंतर, म्हणजे सुमारे पंधरा दिवसांनी येतो. त्यांचे महिने पौर्णिमान्त, आपले अमान्त. श्रीमहाकालाची सवारी त्यांच्या श्रावणातील सोमवारी तर निघतेच, पण भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातील सोमवारीही निघते. तो पक्ष आपल्या गणनेने श्रावणातच मोडतो, आणि शिंदेशाहीतील मराठी परंपरेचा हा मान आहे असे येथील जुने लोक सांगतात. या नगराने दोन्ही गणना सांभाळल्या. माझ्या टेबलावरील संगणकाला मात्र ते अद्याप साधलेले नाही.

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. जवळच्या खेड्यातील एक माता सहा आठवड्यांच्या बाळाला पेंटाव्हॅलंट लसीची पहिली मात्रा देण्यास घेऊन आली होती. दुसरी मात्रा चार आठवड्यांनी द्यावयाची होती. ती माहेरी जाणार होती. ‘सावन लगते ही आऊँगी, डॉक्टरसाहब,’ असे ती म्हणाली आणि हिशेब बरोबर जुळत होता. संगणकात नोंद करताना माझी नजर मात्र भिंतीवरील मराठी दिनदर्शिकेवर होती. मी श्रावण शुद्ध प्रतिपदेची तारीख टाकली. ती बिचारी तिच्या सावनाच्या पहिल्या दिवशी आली. मी परिषदेसाठी परगावी गेलो होतो, दवाखाना बंद होता. डॉक्टर निरोप पाठवतील या भरवशावर ती परत गेली. संगणक पुढचे पंधरा दिवस गप्प राहिला. त्याची घंटा वाजली तेव्हा ते बाळ डांग्या खोकल्याने रुग्णालयात दाखल झालेले होते.

बाळ बरे झाले. दुसरी मात्रा वेळेवर मिळाली असती तर आजार टळलाच असता, असे कोणताही प्रामाणिक वैद्य म्हणणार नाही. परंतु ती वेळेवर देणे माझे कर्तव्य होते आणि चूकही माझीच होती. तेव्हापासून ई-मेल व कॅलेंडरच्या प्रणालींकडे मी चिकित्सकाच्या नजरेने पाहू लागलो. त्यातून सुचलेल्या चार सुधारणा येथे मांडतो.

पहिली सुधारणा साखळीची. लसीकरणात मात्रा एकमेकींशी बांधलेल्या असतात. सहा, दहा आणि चौदा आठवडे हे वेळापत्रक खरे. पण दुसरी मात्रा लांबली तर तिसरी ती दिल्यापासून किमान चार आठवड्यांनीच द्यावी लागते. पहिल्यापासून पुन्हा आरंभ करण्याचे कारण नसते. कॅलेंडरमध्ये मात्र एक नोंद पुढे सरकवली तरी पुढच्या नोंदी जागच्या हलत नाहीत. गंमत अशी की, कॅलेंडरच्या आंतरराष्ट्रीय मानकात २०२२ सालच्या ‘आरएफसी ९२५३’ने ही तरतूद केली आहे. एक काम संपल्यावर ठराविक अंतराने दुसरे सुरू व्हावे, असा संबंध त्यात नोंदवता येतो. ती सोय आपल्या रोजच्या पडद्यावर यावयास हवी.

दुसरी सुधारणा तिथीची. संगणकातील ‘भारतीय’ कॅलेंडर म्हणजे मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली सौर शक दिनदर्शिका. ती शास्त्रशुद्ध आहे. पण बाळाची आई तिच्या हिशेबाने बोलत नाही. ती अमावस, पूनम आणि सावन सांगते. २०१५ सालच्या ‘आरएफसी ७५२९’ या मानकाने अन्य कालगणनांच्या आवर्तनांना, एवढेच नव्हे तर अधिक महिन्यालाही, जागा करून दिली. त्या चौकटीत आपल्या तिथी बसवाव्यात, आणि अमान्त की पौर्णिमान्त हे निवडण्याची मुभा असावी. ती असती तर ‘सावन’ लिहिताच संगणकाने मला विचारले असते, ‘कोणाचा?’

तिसरी सुधारणा मौनाची. आठवण एकदा वाजते, आपण रुग्ण तपासत असतो, बोट लागते आणि ती नाहीशी होते. लस, तपासणी, अहवाल यांसाठी ‘हे काम झाले’ असे कोणी स्पष्ट नोंदवीपर्यंत आठवण मिटू नये. संध्याकाळी न मिटलेल्या नोंदींची यादी आपोआप ई-मेलने यावी.

चौथी सुधारणा ई-मेलची. पत्ता लिहिताना पहिली दोन अक्षरे टाकताच प्रणाली नाव सुचविते. एका आडनावाच्या दोन कुटुंबांत एकाचा अहवाल दुसऱ्याकडे जाण्यास एवढे पुरेसे आहे. अहवाल जोडलेला असेल तेव्हा पाठविण्यापूर्वी पूर्ण नाव व पत्ता मोठ्या अक्षरांत दाखवून संमती घ्यावी. उलट, अहवाल जोडावयाचा राहिला तर थंडरबर्डसारखी प्रणाली मजकुरातील शब्दांवरून आठवण करून देते, आणि त्या शब्दांच्या यादीत आपल्याला भर घालता येते. ‘सोबत जोडले आहे’ हे शब्द मी तीत घातले आहेत. वाचकांनीही घालून पाहावेत.

जयसिंहपुऱ्यातील आपल्या वेधशाळेत सम्राट यंत्रावर सूर्याची सावली आजही उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरीने सुमारे २७ मिनिटे मागे असते आणि हे अंतर दिवसागणिक थोडे बदलते. म्हणून सावलीवरून वाचलेल्या वेळेत त्या दिवसाची दुरुस्ती करावी लागते. ती केली की स्थानिक वेळही खरी आणि प्रमाणवेळही खरी. नव्या प्रणालींकडून मागणे एवढेच आहे.

थंडरबर्ड मुक्तस्रोत आहे. तिच्या निर्मात्यांकडे कोणीही सूचना नोंदवू शकतो. आपल्या मंडळींपैकी प्रत्येकाने आपापल्या दवाखान्यातील एकेक अडचण लिहून काढली तरी मोठे काम होईल. तोवर मी एक साधा नियम पाळतो. कोणी महिन्याचे नाव सांगितले की तारीख विचारून, ती कागदावर लिहून आईच्या हाती देतो आणि मगच संगणकात टाकतो.