पणजीची एक ओळ

आमचे आजोबा जन्मभर ‘पांढऱ्या पायाचे’ म्हणून हिणवले गेले. त्यांच्या जन्मामुळेच आई गेली, असे घरात सांगत. पणजी बेळगावनजीकच्या खेड्यात शेतमजुरी करी. तिच्या शोधार्थ मी गावचे जुने कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मोडीच्या जाणकाराकडून वाचून घेतले.

1901 च्या खानेसुमारीच्या छापील तक्त्यांत तर पणजी गावच्या लोकसंख्येतील केवळ एक आकडा. कोतवाल बुकातही तिचे नाव नाही. नवऱ्याच्या नावापुढे ‘बायको, वय 22, मजुरी, प्लेग’ एवढेच. साल 1902. आजोबांच्या जन्माची नोंद त्याआधी सात महिन्यांची! त्याच पानावर प्लेगचे आणखी अकरा मृत्यू होते. 1896 मध्ये मुंबईत शिरलेली साथ आमच्या उंबऱ्यापर्यंत आली होती.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मृत्यूचे कारण मी अनेकदा लिहिले. त्या रकान्यातील एक शब्द निरपराध बालकाचा कलंक पुसू शकतो, हे तेव्हा उमगले. ते ऐकण्यास आजोबा मात्र उरले नव्हते. आजही एखाद्या अर्भकास कुणी अपशकुनी म्हटले, की मी पणजीची ती ओळ सांगतो.