कोंबडीतील प्रतिरक्षा-जीनांचे नियमन
रोगप्रतिकारक प्रथिने कोणत्या कोशिकांत, केव्हा व किती तयार व्हावीत हे ठरविणाऱ्या प्रक्रियांना प्रतिरक्षा-जीनांचे (आनुवंशिकतेच्या एककांचे) नियमन म्हणतात. निरोगी कोंबडीत यांतील बरेच जीन जवळजवळ निष्क्रिय असतात. कोशिकेतील ग्राही प्रथिनाने व्हायरस ओळखल्यावर संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो व इंटरफेरॉन या व्हायरसरोधी प्रथिनांचे जीन कार्यान्वित होतात.

बदकात असणारा ‘रिग-आय’ हा ग्राहीचा जीन कोंबडीत नाही. तिच्यात इन्फ्ल्यूएंझा व्हायरस ओळखण्याचे काम ‘एमडीए-५’ हा दुसरा ग्राही करतो. बर्ड फ्ल्यूला बदकांपेक्षा कोंबड्या अधिक बळी पडतात, याचे हे एक कारण मानतात. भारतात पाळीव कोंबड्यांत हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. साथ रोखण्यासाठी तेथील परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

जीन असला, तरी त्याची अभिव्यक्ती किती होते हेही महत्त्वाचे असते. सोळाव्या गुणसूत्रावरील ‘बी’ जीनसमूहातील काही प्रथिने व्हायरसाचे तुकडे कोशिकेच्या पृष्ठावर मांडतात व त्यांवरून टी-लसीका कोशिका संक्रामित कोशिका ओळखतात. ‘बी-२१’ प्रकारात पृष्ठावरील या प्रथिनांचे प्रमाण कमी असते. मात्र ती विविध प्रकारचे तुकडे धारण करू शकतात. त्यामुळे मारेक रोगाला (हर्पीस व्हायरसामुळे होणाऱ्या व अर्बुदे निर्माण करणाऱ्या रोगाला) अशा कोंबड्या चांगला प्रतिकार करतात. ‘बी-१९’ प्रकारात प्रमाण अधिक असूनही प्रतिकार कमी असतो. म्हणून रोगप्रतिकारक वाणांच्या पैदाशीत ‘बी-२१’ प्रकाराची निवड करण्यात आली आहे.