दिवेलागणीनंतरचा अभ्यास

ठाण्यातील कोलशेत हा एकेकाळी रसायन-कारखान्यांचा परिसर. क्लॅरिअंटचा कारखाना होता, तेथे आता निवासी मनोरे आहेत, आणि त्यांच्या खिडक्यांत मध्यरात्री दिसणारा उजेड पुष्कळदा संगणकाच्या पडद्याचा असतो. कारखान्यातील कामगार आपले कसब पाळीच्या वेळातच, जुन्या कारागिराशेजारी उभा राहून शिके. आपल्या पेढ्यांवरही मुलगा मालाची पारख आणि उधारीचा अंदाज गल्ल्यावर बसूनच शिकत आला. सॉफ्टवेअर-व्यवसायात मात्र शिकणे आणि कमावणे यांची बरीचशी फारकत झाली आहे. दिवसा हातातले काम पुरे करायचे. उद्या लागणारी विद्या घरच्या वेळात मिळवायची. तिची किंमत झोपेतून आणि मुलाबाळांच्या वाट्याच्या तासांतून चुकती होते.

साधनांची उणीव नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये आरंभलेल्या ‘एनपीटेल’चे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. तीत ७५ टक्के गुण केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला, २५ टक्के साप्ताहिक स्वाध्यायांना. (हा शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.) पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे अनेक पाठ मराठी निवेदनासह मिळतात. पाठ साधारण दहा मिनिटांचा. तो थांबवत थांबवत तीच कृती आपल्या संगणकावर करून पाहायची. ही रीतच मोलाची. व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते. रिकाम्या पडद्यावर दहा ओळी स्वतः लिहायला बसले की खरे काय ते कळते.

शिकावे काय? दर हंगामात नव्या नावाची साधने येतात. सारे भांडवल मोसमी मालात गुंतवू नये, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे? एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडली. तिच्या आधारे घडलेली एसक्यूएल ही भाषा आजही बँकांपासून दुकानाच्या बिलापर्यंत राबते आहे. असा पाया आधी पक्का करावा.

घरातली एक गोष्ट मात्र खटकते. मुलगा रात्री संगणकापुढे बसला की सारे हळू बोलू लागतात. तेच काम करणारी सून बसली, तर स्वयंपाकघर तिची वाट पाहत असते. आठवड्यातील तीन संध्याकाळी तासभर, दोघांसाठीही, घराने ठरवून मोकळा ठेवावा. आणि ज्यांच्या पेढीवर दोन-चार प्रोग्रामर आहेत, त्यांनी आठवड्यातील एक दुपार पगारी वेळातच शिकण्यासाठी देऊन पाहावी.