बाटिकची नऊखणी आणि कोकणची गोधडी

सह्याद्रीचा पायथा आणि खाड्या यांच्या मधल्या सखल पट्ट्यात वसलेल्या पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील तालुक्यांत जून ते सप्टेंबर असे चार महिने जाड पांघरूण वाळणे अवघड असते आणि हिवाळ्यातली थंडी घाटावरच्या मानाने बेताचीच असते. त्यामुळे येथील घरांना लागते ती कापूस भरलेली जड रजई नव्हे, तर दोन-तीन थरांची, अंगाला मऊ लागणारी आणि उन्हाळ्याच्या कडक उन्हात धुऊन वाळवून पावसाळ्यासाठी तयार ठेवता येणारी गोधडी. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, फाटक्या जागी ठिगळे लावून आणि सर्व थरांतून धावदोरा, म्हणजे कापडाच्या वरखाली एका ओळीत जाणारा साधा टाका, घालून ती शिवली जाते. नऊवारी लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटरच्या जवळपास असल्याने, ते घड्या घालून अंथरले की एकाच लुगड्यात अनेक थर निघत. मात्र कृत्रिम धाग्यांच्या साड्या रोजच्या वापरात आल्यापासून घाम शोषणारे जुने सुती कापड घरोघरी पूर्वीसारखे उरलेले नाही, आणि म्हणूनच गोधडीचा वरचा थर नव्या सुती कापडाच्या तुकड्यांतून जोडण्याचा विचार आज उपयोगाचा ठरतो.

या कामासाठी बाटिक हे विशेष गुणाचे कापड आहे. कापडाच्या ज्या भागाला रंग लागू द्यायचा नाही, तेथे वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, मग ते कापड थंड रंगात बुडवायचे आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे, ही बाटिकची मूळ रीत होय. गरम रंगात मेणच वितळेल म्हणून थंड पाण्यात धरणारे रंग वापरावे लागतात आणि थिजलेल्या मेणाला गेलेल्या तड्यांतून रंग झिरपल्याने बाटिकची ओळख ठरलेल्या बारीक शिरा उमटतात. जावा बेटावर ही कला अत्यंत प्रगत झाली आणि इंडोनेशियाच्या बाटिकला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या १९२७ च्या जावा प्रवासानंतर शांतिनिकेतनात त्यांच्या सून प्रतिमादेवी यांच्या पुढाकाराने ती रुजली. उज्जैनजवळचे भेरूगड आणि कच्छमधील खत्री कारागिरांची गावे हीदेखील बाटिकची जुनी ठिकाणे आहेत. गोधडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की रंग कापडात आरपार मुरत असल्याने चांगल्या बाटिकला सुलट-उलट बाजू जवळजवळ नसते, आणि नक्षी धरून राहावी म्हणून बहुधा घट्ट विणीचे कापड निवडलेले असल्याने त्याच्या कडा लवकर उसवत नाहीत.

तुकडे जोडण्याच्या कामात सर्वांत सोपा घटक म्हणजे नऊखणी चौकोन: तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन सारखे तुकडे, चार कोपरे व मध्य गडद आणि उरलेले चार फिकट. दिसायला हे सोपे असले तरी बाटिकमध्ये खरी परीक्षा रंगनिवडीची असते, कारण बाटिकमध्ये बहुधा मध्यम छटा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि दुकानात वेगळी भासणारी दोन कापडे तुकडे झाल्यावर एकजीव होऊन चौकोनाची रचनाच पुसून टाकतात. डोळे किलकिले करून दोन्ही कापडांकडे दुरून पाहिल्यास रंग मागे पडतो आणि केवळ गडद-फिकटपणा उरतो. तेवढ्या कसोटीला उतरलेलीच जोडी घ्यावी.

कापड कापण्याआधी धुणे अत्यावश्यक आहे. मेणाचा अंश राहिला असेल तर इस्त्रीखाली डाग पडतो, आणि सुटा रंग राहिला असेल तर पहिल्याच धुण्यात गडद तुकडा शेजारच्या फिकट तुकड्याला बिघडवतो. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने सुती कापडाचा रंग पक्का होतो असा समज आहे, परंतु सुटा रंग निघून जाईपर्यंत, म्हणजे पाणी स्वच्छ येईपर्यंत, कापड पुन्हा पुन्हा धुणे हाच भरवशाचा उपाय आहे.

९ इंचांचा तयार चौकोन हवा असेल तर प्रत्येक तुकडा साडेतीन इंचांचा कापावा लागतो, कारण चारही बाजूंनी पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत दडणारे जादा कापड, सोडायची असते. बाटिकची नक्षी हाताने काढलेली असल्याने ती धाग्याच्या रेषेत असेलच असे नाही. म्हणून माप नक्षीवरून न घेता कापडाच्या काठावरून घ्यावे, नाहीतर तुकडा उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर, कापला जातो आणि शिवताना ताणून वाकडा होतो.

सुटे नऊ तुकडे जोडत बसण्यापेक्षा साडेतीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या शिवणे शहाणपणाचे आहे. गडद-फिकट-गडद असा एक संच आणि फिकट-गडद-फिकट असा दुसरा संच तयार करून, त्यांना साडेतीन इंचांवर आडवे कापले की तयार ओळी हाती येतात. पहिल्या संचाच्या दोन आणि दुसऱ्याची मधली एक ओळ मिळून चौकोन पूर्ण होतो. सर्व शिवणी इस्त्रीने गडद कापडाच्या बाजूला वळवल्यास एका ओळीतल्या शिवणी बाहेरच्या दिशेला, तर दुसरीतल्या आतल्या दिशेला पडतात, त्यामुळे ओळी एकमेकींवर ठेवताना शिवणी आपोआप अडकून बसतात आणि कोपरे नेमके जुळतात. या रचनेतील सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच आहे. घट्ट विणीतून जाड सुई सहज जात नाही, म्हणून यंत्राला ११ नंबरची नवी सुई आणि बारीक सुती दोरा लावावा. जोडलेला चौकोन साडेनऊ इंचांचा भरला पाहिजे. कमी भरल्यास माया जास्त धरली गेली आहे, हे ओळखून पुढील चौकोनांपूर्वीच ती सुधारावी.

४४ इंच पन्ह्याच्या बाटिकचे गडद सव्वा मीटर आणि फिकट एक मीटर कापड घेतले तर २० चौकोन निघतात, आणि चार-चारच्या पाच ओळींत ते जोडल्यास ३६ इंच रुंद व ४५ इंच लांब असा तान्ह्या बाळाच्या गोधडीचा वरचा थर तयार होतो.

यापुढचे काम गोधडीच्याच रीतीने करणे योग्य ठरते. पाश्चात्त्य पद्धतीत दोन थरांमध्ये कापसाचे किंवा पॉलिएस्टरचे भरण घालतात, परंतु पेण-रोह्याच्या दमट हवेत कापसाचे भरण भिजल्यावर कित्येक दिवस ओल धरते आणि पॉलिएस्टर अंगाला घाम आणते. त्याऐवजी मध्ये जुन्या सुती साडीचा एक थर आणि खाली मऊ धोतराचे किंवा साडीचेच अस्तर पुरेसे होते. जुन्या गोधडीत ठिगळाच्या कडा दुमडून ते थेट खालच्या थरांवर शिवले जाई, येथे मात्र तुकडे आधी एकमेकांना जोडलेले असल्याने आतल्या शिवणींवर ताण येतो, आणि तो वाटून घेण्यासाठी धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून दीड-दोन इंचांहून दूर असू नयेत. घट्ट बाटिकमधून हाताची सुई ओढणे बोटांना जड जाते, म्हणून अंगुस्तान वापरावे आणि एका वेळी दोन-तीनच टाके सुईवर घ्यावेत. टाके कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे नेण्याची जुनी पद्धत आहे. ती पाळताना सर्व थर आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यावेत, अन्यथा जादा कापड मध्याशी गोळा होऊन फुगा येतो. शेवटी गडद बाटिकचीच दोन इंच रुंद पट्टी दुमडून चारही कडांना गोट लावावा, कारण वापरात सर्वांत आधी झिजतात त्या कडाच, आणि वेगळा लावलेला गोट पुढे उसवून बदलता येतो.