गाडीवरची धूळ पुसण्यापूर्वी...



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात कोणाचीच गाडी दोन दिवस स्वच्छ राहत नाही. पाणंदीतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या धावू लागतात, फुफाटा उडतो, आणि कारखान्याच्या आसपासच्या गावांत धुराड्यातली काळी राख वाळवणासकट सगळ्यावर उतरते. आज पुष्कळ सभासदांच्या दारात बैलजोडीशेजारी चारचाकी उभी आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिची निगा राखताना होणारी एक चूक आम्हांला प्लॉट पाहणीच्या निमित्ताने फिरताना गावोगाव दिसते. शेतकी खात्याचा माणूस गाडीविषयी काय सांगणार, असे कोणी म्हणेल. पण हा प्रश्न मुळात मातीचा आणि उसाचाच आहे, म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

सकाळचे दृश्य सगळीकडे सारखेच. खांद्यावरचा टॉवेल नाहीतर जुन्या धोतराचे फडके घ्यायचे आणि बॉनेटवर गोल गोल हात फिरवायचा. दोन मिनिटांत गाडी चकचकीत! थांबवून विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, धूळच हाय नव्हं, पुसली की गेली!"

धूळ जाते हे खरे. पण जाताना ती काय घेऊन जाते, ते दोन वर्षांनी कळते. अशी गाडी उन्हात उभी करून तिरक्या नजरेने पाहावी. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. काळ्या आणि गडद रंगाच्या गाडीवर ते लवकर नजरेत भरतात. पांढऱ्या गाडीवर दिसत नाहीत इतकेच, पडतात तिथेही. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक नेमके त्या जाळ्यावर बोट ठेवते आणि भाव पाडते.

ही धूळ आहे तरी काय?

आपली जमीन काळी, चिकण. तरी तिच्यात बारीक वाळूचे कण असतातच. रस्त्याच्या धुळीत खडी भरडून झालेली कचही मिसळलेली असते. गारगोटीचा कण काचेवरसुद्धा ओरखडा काढतो, तिथे रंगाचा काय पाड?

राखेची गोष्ट तर थेट आपल्या पिकाशी जोडलेली आहे. ऊस हे जमिनीतून सिलिका भरपूर उचलणारे पीक. पाचट काढताना हात कापतो, कारण पात्याच्या कडेचे बारीक दाते या सिलिकेनेच टणक झालेले असतात. ऊस गाळला, रस निघाला, बगॅस बॉयलरमध्ये जळाला, तरी सिलिका काही जळत नाही. ती राखेत उरते. बगॅसच्या राखेत बहुधा निम्म्याहून अधिक भाग सिलिकेचाच असतो. हाताला ही राख काजळीसारखी मऊ लागते, आणि तिथेच माणूस फसतो. कारखान्यात राख पकडण्याची यंत्रणा असते, तरी थोडी वाऱ्यावर सुटतेच, हे आपल्याच पत्रिकेत मान्य करायला हरकत नाही.

मुद्दा असा, की नुसती बसलेली धूळ गाडीचे फारसे बिघडवत नाही. तिच्यावर हाताचा दाब पडला आणि ती रंगावरून ओढली गेली, की फडक्याचा सँडपेपर होतो.

रंग किती जाड?

अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात गाडीचा रंग बहुधा वरपर्यंत एकाच जातीचा असे. पॉलिश घासले की फडक्याला रंग लागायचा आणि खालून ताजा रंग निघायचा. घासून चमकवायची सवय तेव्हापासूनची. आजच्या गाडीला मात्र रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी त्याचीच, आणि उन्हापासून खालच्या रंगाची राखणही तोच करतो. याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा कागद याहून जाड असतो!

ओरखडे घालवण्यासाठी वर्कशॉपमध्ये पॉलिश करतात, म्हणजे हाच थर थोडा थोडा तासतात. रानातली वरची कसदार माती वाहून गेली की परत येत नाही, तसेच याचेही आहे. थर संपला की रंग विटतो, पोपडे निघतात आणि नवा रंग देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दवाचा मोह नको

हंगामात थंडी असते आणि पहाटे गाडीवर दव पडते. "पाणी आयतंच हाय" म्हणून लगेच फडके मारण्याचा मोह होतो. पण दव धूळ वाहून नेण्याइतके नसते, ती फक्त भिजवते. त्यामुळे राखेचा आणि मातीचा पातळ लगदा होतो आणि आपण तोच गाडीभर चोळतो. शिवाय राखेत क्षार असतात. ओली राख रंगावर वाळत राहणे चांगले नाही. पहाटे एकतर भरपूर पाण्याने गाडी धुवावी, नाहीतर ऊन येऊन दव सुकेपर्यंत दम धरावा.

हलकी धूळ कोणती?

पुढे सांगितलेली रीत फक्त हलक्या धुळीसाठी आहे. धुळीचा पातळ, कोरडा, एकसारखा थर असेल आणि खालचा रंग स्पष्ट दिसत असेल, तर ती हलकी. चिखलाचे शिंतोडे, वाळलेले दवाचे ओघळ, मळीचे किंवा रसाचे चिकट थेंब असतील, किंवा हाताला खरखर लागेल असा जाड थर असेल, तर पुसायच्या भानगडीत पडू नये. गाडी धुवावी. पक्ष्याची विष्ठा पडली असेल तर तेवढ्या जागी ओले फडके दहा मिनिटे ठेवून ती भिजू द्यावी आणि मग अलगद उचलावी. खरवडू नये.

रीत

१. गाडी सावलीत घ्यावी. पत्रा तापलेला असेल तर निवू द्यावा.

२. आधी वारा. हवा भरायचा कॉम्प्रेसर किंवा ब्लोअर असेल तर टपापासून खाली हवा मारावी. नळी जरा लांब धरावी आणि टाकीत साठलेले पाणी आधी सोडून द्यावे. बरीचशी मोकळी धूळ हात न लावता निघून जाते.

३. मग ओलावा. एक-दोन लिटरचा हातपंप बाजारात मिळतो. त्यात स्वच्छ पाणी घेऊन, गाडी न धुता पुसण्यासाठी मिळणारे द्रव बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. एका वेळी एकच भाग घ्यावा आणि तो पुरता ओला करून अर्धा-एक मिनिट थांबावे. या द्रवाने कण भिजतात आणि रंगावरून घसरतात. कोरड्यात हात घालायचा नाही, हा यातला मुख्य नियम.

४. मायक्रोफायबरचे मऊ, लव असलेले फडके चार पदरी घडी करून घ्यावे. उलटसुलट करून त्याच्या आठ स्वच्छ बाजू वापरता येतात. दाब न देता, फडक्याच्या वजनानेच, सरळ रेषेत एकदा ओढावे. एका ओढीला एक बाजू. मळली की पालटावी. गोल फिरवू नये आणि मागे-पुढे घासू नये.

५. क्रम वरून खाली. टप, काचा, बॉनेट, डिकी आणि मग दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा पट्टा आणि चाकांभोवतीचा भाग या पद्धतीने पुसूच नये. खडा-माती तिथेच जास्त असते. तो भाग धुण्याच्या दिवसापर्यंत तसाच ठेवावा.

६. शेवटी दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने ओल टिपून घ्यावी.

मेणाचा हात दिलेले सुती झुपके असलेला ब्रशही दुकानात मिळतो. तो वापरायचा तर अगदी नुकत्या बसलेल्या धुळीवर, नुसता तरंगता फिरवावा आणि दर खेपेला झटकावा. जाड धुळीवर किंवा ओल्या गाडीवर तो चालत नाही.

या रीतीने एक-दोन लिटर पाण्यात गाडी स्वच्छ होते. नळीने धुवायला शे-दीडशे लिटर पाणी सहज लागते. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली की हा फरक कोणालाही पटेल.

काही सावधगिरी

औषध फवारणीचा पंप या कामाला घेऊ नये. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी अंश राहतो, हे आम्ही पिकाच्या बाबतीत नेहमी सांगतोच. इथे तर तो हाताला आणि दाराच्या मुठीला लागणार आणि घरातली पोरंबाळं तीच मूठ धरणार.

बोअरचे क्षाराचे पाणी गाडीवर वाळू देऊ नये, पांढरे डाग धरतात. फवारणीपुरते दोन लिटर पाणी पिण्याच्या फिल्टरचे घ्यावे.

चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा हात मारणारे पुष्कळ आहेत. त्या तेलकटपणावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ चिकटते. भांड्याचा साबण आणि कपड्याची पावडरही नको. गाडीला मेण लावले असेल तर ते निघून जाते.

धुळकट गाडीवर कव्हर घालू नये. वाऱ्याने कव्हर हलत राहते आणि रात्रभर रंग घासला जातो. तसेच पुढच्या काचेवर धूळ असताना वायपर कोरडा चालवू नये, आधी पाणी सोडावे.

मायक्रोफायबरची फडकी वेगळी धुवावीत. सुती कपड्यांत टाकली तर त्यांचे तंतू आणि कचरा धरतात. कपडे मऊ करायचे द्रव वापरू नये. आणि फडके खाली मातीत पडले तर ते धुऊन निघेपर्यंत रंगाला लावू नये, मग ते कितीही नवे असो. एक खडा पुरतो.

दोन-तीन महिन्यांतून एकदा धुतलेल्या गाडीला मेण लावले तर धूळ कमी धरते आणि सहज सुटते.

खर्चाचा हिशेब पाहिला तर पाच-सहा फडकी, एक हातपंप आणि द्रवाची एक बाटली, एवढेच. पूर्ण गाडीला पॉलिश करण्याच्या एका बिलात हे सामान कितीतरी हंगाम पुरेल. गाडी कोणी ड्रायव्हर पुसत असेल, नाहीतर शाळेत जाण्यापूर्वी मुलगा पुसत असेल, तर नुसते रागावून भागणार नाही. त्याच्या हातातला जुना टॉवेल काढून घ्यावा, चांगले फडके द्यावे आणि एकदा शेजारी उभे राहून रीत दाखवावी. बियाणे बदलल्याशिवाय नुसत्या मशागतीने उतारा वाढत नाही, हे आपणां सभासदांना आम्ही वेगळे सांगायला नको.

— ऊस विकास अधिकारी