झोपलेली चिप आणि विहिरीवरची लाईट

मी कला शाखेचा विद्यार्थी. सर्किटांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण आमच्या कनेरगाव नाक्याला शेतीची लाईट पुष्कळदा रात्री येते, आणि ती आली का हे पाहायला दादा, म्हणजे माझे वडील, अंधारात विहिरीवर जातात. पायाखाली काय असेल सांगता येत नाही. त्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून डिप्लोमा करणाऱ्या माझ्या मामेभावाने विहिरीवर एक डबी बसवली आणि घरापर्यंत ऐंशी मीटर इथरनेटची केबल पुरली. घरातून विचारायचे, डबीने उत्तर द्यायचे. लाईट नसतानाच तिचे काम, म्हणून ती बॅटरीवर. दुसऱ्याच रात्री बॅटरी बसली.

डबीत मायक्रोचिप कंपनीची ईएनसी२८जे६० ही चिप आहे. गंमत अशी, की ती काहीच बोलत नसली तरी सुमारे १२० मिलिअँपिअर करंट खाते. निरोप केव्हा येईल हे तिला ठाऊक नसते. म्हणून घड्याळ आणि कान सतत चालू. शिवाय तार जुळलेली आहे हे कळवायला साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक ठोका पाठवायचा. साडेचार अँपिअर-तासांची बॅटरी ही एकटीच दीड दिवसात रिकामी करते.

तिला झोपवले तर करंट १.२ मिलिअँपिअरच्या आसपास येतो, म्हणजे शंभरावा हिस्सा. मात्र ही कुंभकर्णाची झोप. तारेवरून कितीही हाका मारा, ऐकू जात नाही. दुसरा मार्ग अर्ध्या झोपेचा. प्रोसेसर झोपतो, चिप जागी राहते आणि 'मॅजिक पॅकेट' आले की त्याला उठवते. त्या निरोपात यंत्राचा पत्ता सलग १६ वेळा लिहिलेला असतो! पण चिपचा खर्च तसाच राहतो. २०१० च्या ८०२.३एझेड या प्रमाणकात दोन्ही टोके निरोपांच्या मधल्या वेळेत डुलकी घेतात आणि सेकंदाच्या काही लाखांशांत उठतात. आमच्या जुन्या चिपला ती विद्या नाही.

शेवटी आम्ही प्रश्न विचारणेच बंद केले. लाईट आली की प्रोसेसर चिपला उठवतो, ती निरोप धाडते, घरात घंटी वाजते. पहिल्या रात्री तीही वाजली नाही. उठल्यावर तार पुन्हा जुळायला वेळ लागतो. आम्ही थांबलोच नव्हतो, निरोप वाटेतच गेला. हरभऱ्याची पाळी चुकली. दादा काही बोलले नाहीत, त्याचेच वाईट वाटले.

आता तार जुळल्याची खूण पाहूनच निरोप जातो. शिवाय तासातून एकदा चिप उठून नुसती हजेरी देते. हजेरी चुकली, की दादा बॅटरी घेऊन निघतात.